समोरून बरोबर, बाजूने बरोबर, फिरवल्यावर मात्र चुकीचे: रेखाटनांवरून थ्रीडी मॉडेल करताना वारंवार येणारी अडचण

हाताने काढलेली रेखाटने पार्श्वभूमीला लावून थ्रीडी मॉडेल तयार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी भेडसावते. समोरून पाहिले तर मॉडेलच्या कडा चित्रावर नेमक्या बसलेल्या असतात, बाजूने पाहिले तरी बसलेल्या असतात. पण दृश्य थोडे तिरके फिरवले की ती वस्तू आपण मनात धरलेली वस्तू वाटत नाही. कुठे ती चपटी दिसते, कुठे फुगलेली, तर कुठे पिळवटल्यासारखी. मग आपण बिंदू इकडेतिकडे सरकवू लागतो. तिरक्या दृश्यात थोडी सुधारणा होते आणि समोरचे दृश्य बिघडते, ते सावरावे तर बाजूचे बिघडते, आणि संध्याकाळपर्यंत हाती काहीच लागत नाही.

अशी अनेक मॉडेले पुन्हा पहिल्यापासून केल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे की हा दोष बहुतेक वेळा मॉडेलिंगचा नसतोच, तो कागदावर असतो. एक तर चित्रे एकमेकांशी जुळत नसतात, किंवा आकार ठरवण्यासाठी लागणारी माहितीच त्या चित्रांत नसते. पहिला दोष मोजपट्टीने सापडतो. दुसरा मोजपट्टीने सापडत नाही, म्हणून तो जास्त छळतो. खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: झाडांना पाणी घालायची झारी. तिला पोट आहे, तिरकी तोटी आहे, तोटीच्या टोकाला चाळणी आहे आणि मागे मूठ आहे. म्हणजे या अडचणीचे बहुतेक प्रकार तिच्यात एकत्र येतात.

चित्रे एकमेकांशी जुळतात का?

समोरचे, बाजूचे आणि वरचे अशी तीन दृश्ये काढली, तर त्यांतील प्रत्येक जोडीत एक माप सामाईक असते. समोरच्या आणि बाजूच्या दृश्यात उंची, समोरच्या आणि वरच्या दृश्यात रुंदी, तर बाजूच्या आणि वरच्या दृश्यात खोली. ही तीन मापे कागदावर जुळली नाहीत, तर कोणत्याही कौशल्याने मॉडेल तिन्ही बाजूंनी बरोबर येणार नाही, कारण तशी वस्तू अस्तित्वातच असू शकत नाही.

माझ्या झारीच्या चित्रात समोरच्या दृश्यात पोटाची उंची ११८ मिमी होती आणि बाजूच्या दृश्यात १२४ मिमी. दोन्ही चित्रे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर काढलेली होती आणि डोळ्यांना अगदी सारखी वाटत होती. फरक पाच टक्क्यांचाच आहे, पण चित्र प्रत्यक्षाच्या निम्म्या मापाचे असल्यामुळे वस्तूवर तो १२ मिमी होतो, आणि मूठ जिथे पोटाला चिकटते तिथे १२ मिमी लपवता येत नाहीत. मी मात्र तो फरक मॉडेलमध्ये दोन तास लपवत होतो.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे तिन्ही दृश्ये एकाच कागदावर काढणे. समोरच्या दृश्यावरून आडव्या रेषा ओढून बाजूचे दृश्य काढावे, उभ्या रेषा ओढून वरचे दृश्य काढावे, आणि खोली एका दृश्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी कोपऱ्यात ४५ अंशांची एक रेषा मारावी. वरच्या दृश्यातून आलेली आडवी रेषा तिथे वळून उभी होते आणि बाजूच्या दृश्यात जाते. अभियांत्रिकी रेखाचित्रांची ही जुनी शिस्त आहे. परस्परांशी काटकोनात असलेल्या प्रतलांवर वस्तूचे प्रक्षेप घेण्याच्या या पद्धतीला गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने शास्त्रीय रूप दिले आणि १७९५ मध्ये पॅरिसमध्ये त्यावर व्याख्याने दिली. मुक्तहस्त रेखाटन करणाऱ्यांना ती कोरडी वाटते हे मला माहीत आहे, पण आकार मुक्तपणे काढून फक्त आठ-दहा महत्त्वाचे बिंदू या रेषांनी जुळवले, तरी रेखाटनाचा जिवंतपणा जात नाही.

तिरक्या भागांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे हात हमखास चुकतो. झारीची तोटी बाजूच्या दृश्यात ७० मिमी लांब आहे आणि जमिनीशी ४० अंशांचा कोन करते असे समजा. समोरून पाहताना ती आपल्याच दिशेने येत असते, त्यामुळे तिची लांबी पूर्ण दिसत नाही. फक्त उंचीचा भाग दिसतो, आणि तो ४५ मिमी भरतो. ही तोटी समोरच्या दृश्यातही ७० मिमी काढलेली मी अनेकांच्या कागदांवर पाहिली आहे, कारण तोटी किती लांब आहे हे मनाला ठाऊक असते आणि हात तेच काढतो. चाळणीचेही तसेच. ती तोटीला काटकोनात बसवलेली आणि ३० मिमी व्यासाची असेल, तर समोरून वर्तुळ न दिसता ३० मिमी रुंद आणि सुमारे २३ मिमी उंच असा लंबवर्तुळाकार दिसला पाहिजे. तिथे पूर्ण वर्तुळ काढले असेल, तर मॉडेलमध्ये चाळणी सरळ समोर तोंड करून बसते आणि तोटी मोडल्यासारखी दिसते.

झारीप्रमाणे डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या वस्तूचे समोरचे दृश्य मधल्या रेषेवर दुमडून उजेडासमोर धरावे. दोन अर्धे एकमेकांवर क्वचितच बसतात. जो अर्धा अधिक चांगला वाटेल तो ठेवावा आणि दुसरा खोडून टाकावा. मॉडेल करताना आरशासारखी प्रत घेणारे साधन एकच अर्धा वापरणार असते, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्याशी मॉडेल जुळत नाही म्हणून होणारा गोंधळ आधीच टळतो.

कागद ते पडदा या प्रवासात शिरणारे दोष

चित्रे कागदावर जुळत असतील आणि पडद्यावर जुळत नसतील, तर फोटोवर संशय घ्यावा. शक्य असेल तर चित्र स्कॅनरवरच घ्यावे. फोनने काढलेल्या फोटोत कागद जरासा तिरका असला तरी किती बिघाड होतो, याचा हिशेब करता येतो. ए-४ कागद फोनपासून ४० सेंमी अंतरावर आहे आणि त्याच्या उभ्या दिशेत फक्त १० अंशांचा कल आहे असे धरले, तर जवळची कड दूरच्या कडेपेक्षा सुमारे १४ टक्के मोठी येते. तोच कल असताना फोन १२० सेंमीवर नेऊन झूम केला, तर हा फरक चार टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणून फोनच वापरायचा असेल तर दूर जावे आणि झूम करावे, जवळ जाऊन टिपू नये.

फोटो आधीच काढलेला असेल, तर गिंप या चित्र-संपादन सॉफ्टवेअरमधील पर्स्पेक्टिव्ह साधनाने कागदाचे चार कोपरे काटकोनात आणता येतात. त्याची दिशा ‘करेक्टिव्ह’ ठेवली की जाळीचे कोपरे कागदाच्या कोपऱ्यांवर बसवायचे एवढेच काम उरते. त्यानंतर चित्र पडद्यावरच कागदाच्या कडांपर्यंत क्रॉप करून नेमके २४८० × ३५०८ पिक्सेलचे करावे. ए-४ कागद २१० × २९७ मिमी असतो आणि ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरून, त्याचे इतकेच पिक्सेल होतात, त्यामुळे मग प्रत्येक चित्रात एका मिलिमीटरला सारखेच पिक्सेल येतात.

इथे ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना नेहमी नडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्लेंडरमध्ये संदर्भचित्र आणले की त्याचा ‘साइझ’ हा आकडा चित्राच्या मोठ्या बाजूला लागू होतो. समजा, समोरचे दृश्य उभे कापले आहे आणि बाजूचे दृश्य आडवे कापले आहे. दोन्ही चित्रे एकाच ‘साइझ’ने येतात, पण एकात तो आकडा उंचीला लागतो आणि दुसऱ्यात रुंदीला. कागदावर अचूक जुळणारी दृश्ये पडद्यावर लगेच वेगळ्या मापाची होतात, आणि वापरणाऱ्याला वाटते की आपले रेखाटन चुकले. म्हणून दृश्ये घट्ट कापूच नयेत. तिन्ही दृश्ये एकाच कागदावर असतील तर तेच एक चित्र तीनदा आणावे, तीन दिशांना लावावे आणि फक्त सरकवून बसवावे. माप आपोआप एकच राहते. उभा ए-४ कागद पूर्ण आणला असेल आणि चित्र निम्म्या मापाचे असेल, तर ‘साइझ’ ०.५९४ मीटर ठेवला की मॉडेल थेट प्रत्यक्ष मापात होते.

दुसरी गोष्ट चित्राच्या कलाची. चित्र आणताना ब्लेंडर ते त्या क्षणीच्या दृश्याला समांतर बसवते. दृश्य दोन-तीन अंशांनी जरी फिरलेले असेल, तरी चित्र तितकेच तिरके बसते आणि ते डोळ्यांना कळत नाही. चित्र निवडून त्याचे ‘रोटेशन’ पाहावे: समोरच्या चित्रासाठी एक्स ९० आणि बाकी शून्य, उजव्या बाजूच्या चित्रासाठी एक्स ९० आणि झेड ९०, वरच्या चित्रासाठी तिन्ही शून्य. काम करताना दृश्याच्या कोपऱ्यात ‘फ्रंट ऑर्थोग्राफिक’ असे लिहिलेले आहे याची खात्री करावी; ‘पर्स्पेक्टिव्ह’ दिसत असेल तर दूरचे भाग लहान दिसतात आणि चित्रावर गिरवलेली प्रत्येक कड चुकते.

बाजूचे चित्र उलटे लागणे हाही नेहमीचा प्रकार आहे. ब्लेंडरमध्ये उजव्या बाजूने पाहताना मॉडेलचे तोंड डावीकडे असते. त्यामुळे झारीची तोटी कागदावर उजवीकडे असेल, तर ते चित्र डाव्या दृश्यात लावावे किंवा आरशासारखे उलटवावे. दुसऱ्या कोणी काढलेली रेखाचित्रे वापरताना हे आणखी जपावे, कारण दृश्ये कागदावर मांडण्याच्या दोन पद्धती आहेत: प्रथम कोन प्रक्षेपात उजवीकडून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या डावीकडे काढतात आणि तृतीय कोन प्रक्षेपात उजवीकडे काढतात. झारीत हा घोटाळा लगेच दिसतो. ज्या वस्तूची पुढची-मागची बाजू जवळजवळ सारखी असते, तिच्यात तो शेवटपर्यंत लपून राहतो.

फ्युजन या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चित्र ‘कॅनव्हास’ म्हणून आणून ‘कॅलिब्रेट’ने दोन बिंदूंमधले अंतर सांगता येते. त्यासाठी कागदावरच १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी पट्टी काढून ठेवावी. कॅलिब्रेट केल्याने संपूर्ण चित्र सारख्या प्रमाणात लहान-मोठे होते, त्यामुळे आडवी पट्टी १०० आणि उभी १०४ येत असेल तर तो दोष कॅलिब्रेटने जाणार नाही. फोटोच पुन्हा सरळ करावा लागेल.

सगळे जुळूनही मॉडेल चुकीचे दिसते तेव्हा

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे, कारण इथे माणूस स्वतःच्या कौशल्यावर शंका घेऊ लागतो आणि ते अन्यायाचे आहे.

चौकोनी खांब आणि गोल खांब समोर ठेवा. दोन्ही सारख्या जाडीचे आणि सारख्या उंचीचे असतील, तर समोरून दोघांची बाह्यरेषा एकच आयत आहे आणि बाजूनेही तोच आयत आहे. समोरचे आणि बाजूचे चित्र कितीही काळजीपूर्वक काढले, तरी खांब गोल आहे की चौकोनी हे त्या चित्रांत लिहिलेलेच नसते. मॉडेल करणारा ते स्वतःच्या नकळत ठरवतो. बहुतेक वेळा तो सिलिंडर घेऊन सुरुवात करतो म्हणून गोल, किंवा घन घेऊन सुरुवात करतो म्हणून चौकोनी.

माझ्या झारीचे पोट समोरून ६० मिमी रुंद आणि बाजूने ८० मिमी लांब होते. मी लंबवर्तुळापासून सुरुवात केली. दोन्ही चित्रांवर कडा तंतोतंत बसल्या, आणि तिरके पाहिले तर झारी आजारी माणसासारखी खंगलेली दिसत होती. कारण हिशेबात सापडले. ८० × ६० मिमीचे लंबवर्तुळ ४५ अंशांतून पाहिले तर ७०.७ मिमी रुंद दिसते. त्याच मापाचा काटकोनी आयत त्याच कोनातून ९९ मिमी रुंद दिसतो. दोन्ही आकार समोरच्या आणि बाजूच्या चित्राशी शंभर टक्के प्रामाणिक आहेत, आणि तिरक्या दृश्यात त्यांच्यात २८ मिमीचा फरक आहे. माझ्या मनातली झारी गोलसर कोपऱ्यांच्या आयताची होती, म्हणजे या दोहोंच्या मधली. ते मी कागदावर कुठेच सांगितले नव्हते. वरचे दृश्य मी काढले होते, पण त्यात फक्त सर्वांत बाहेरची कड दिसत होती आणि ती मानेपाशी मूठ चिकटते त्या भागाखाली झाकली गेली होती.

यावरचा उपाय म्हणजे छेद काढणे. वस्तू आडवी कापली तर कापलेला भाग कसा दिसेल, याची लहान रेखाटने निदान तीन उंचींवर काढावीत: झारीसाठी तळाशी, पोटाच्या सर्वांत रुंद जागी आणि मानेपाशी. प्रत्येक छेदाची रुंदी समोरच्या दृश्यावरून आणि लांबी बाजूच्या दृश्यावरून घ्यावी, म्हणजे नवी विसंगती शिरत नाही. नवीन सांगायचे ते फक्त कोपऱ्यांविषयी. तोटी आणि मूठ यांचे छेद त्यांच्या लांबीला काटकोनात काढावेत. नंतर हे छेद त्या-त्या उंचीवर आडवे ठेवून त्यांवरून कडा काढाव्यात आणि त्या जोडत पृष्ठभाग तयार करावा. समोरची आणि बाजूची चित्रे तेव्हा फक्त पडताळणीला उरतात, आणि माझ्या मते त्यांची खरी जागा तीच आहे.

छेद मनात येत नसतील, तर जाड पुठ्ठा घ्यावा. समोरची बाह्यरेषा एका तुकड्यावर आणि बाजूची दुसऱ्यावर उतरवून दोन्ही कापावेत. मधल्या रेषेवर एकात वरून आणि दुसऱ्यात खालून अर्ध्यापर्यंत चीर द्यावी आणि एकमेकांत अडकवावेत. समोर अधिकच्या चिन्हासारखा सांगाडा उभा राहतो आणि त्याच्या चार पाखांमधली जागा रिकामी दिसते. ही रिकामी जागाच आपल्या चित्रांतून गळालेली माहिती आहे. मग पुठ्ठ्याचे आडवे छेद कापून, चारही पाखांना खाचा देऊन बसवावेत आणि सांगाडा हातात फिरवून पाहावा. कोपरा जास्त भरीव वाटला तर कात्रीने छाटावा, आणि पटलेला छेद कागदावर गिरवून घ्यावा. या कामाला अर्धा तास लागतो. माझ्या झारीचा मधला छेद मला अशा तिसऱ्या तुकड्यावर सापडला. त्याचे कोपरे मी कागदावर धैर्याने काढले असते त्यापेक्षा बरेच भरलेले होते.

रेखाटनावरून आपोआप मॉडेल करून देणाऱ्या साधनांचे कोडेही इथेच उलगडते. १९९९ मध्ये ताकेओ इगाराशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टेडी’ नावाची प्रणाली मांडली. तिच्यात बंद बाह्यरेषा काढली की आकार फुग्यासारखा फुगतो, रुंद भाग जाड होतो आणि अरुंद भाग बारीक. खेळण्यातल्या प्राण्यांसारख्या गोलाकार वस्तूंसाठी ही कल्पना सुंदर आहे. पण छेद गोलसर असेल हे तिथे प्रणालीने ठरवलेले असते. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधनेही एका चित्रावरून न दिसणारी बाजू अंदाजानेच भरतात. त्यांचा निकाल मनासारखा येत नसेल, तर अधिक नीटनेटके रेखाटन देण्यापेक्षा न दिसणाऱ्या बाजूंची माहिती देण्याचा प्रयत्न करावा.

एकच तिरके चित्र हाताशी असेल तर

काही वेळा तीन दृश्ये नसतात. मनासारखे उतरलेले एकच पर्स्पेक्टिव्ह चित्र असते. एफस्पाय या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चित्रातील समांतर कडांवर रेषा ठेवल्या की त्यावरून कॅमेऱ्याची जागा काढता येते आणि ती ब्लेंडरमध्ये नेता येते. त्याआधी एक तपासणी कागदावर करावी. प्रत्यक्षात समांतर असलेल्या तीन कडा मोजपट्टीने पुढे वाढवाव्यात. त्या एका बिंदूत किंवा त्याच्या अगदी जवळ मिळत नसतील, तर कोणताही कॅमेरा त्या चित्राशी जुळणार नाही, आणि कॅमेरा सरकवत बसण्यात अर्थ नाही. चित्र कॅमेरा जुळवण्याआधी कापूही नये, कारण चित्राचा मध्य हाच दृष्टीचा मध्य असे हे सॉफ्टवेअर सुरुवातीला धरून चालते. अशा चित्रातून प्रत्यक्ष माप मिळत नाही, म्हणून निदान एक लांबी स्वतः ठरवावी लागते.

मी अशा चित्राचा उपयोग मॉडेल काढण्यासाठी करत नाही, पारखण्यासाठी करतो. तीन दृश्यांसोबत ४५ अंशांतून दिसणारी झारी मी मोकळ्या हाताने, मोजमाप न करता काढून ठेवतो आणि मॉडेल त्याच कोनात फिरवून शेजारी ठेवतो. त्या चित्रात माप चुकलेले असते, पण झारी कशी वाटली पाहिजे ते बरोबर असते. मॉडेल तिन्ही दृश्यांशी जुळून या चित्राशी जुळत नसेल, तर छेद पुन्हा काढायला घेतो.

चित्रांत थोडी विसंगती राहणारच असेल, तर कोणते चित्र अंतिम मानायचे हे आधीच ठरवून कागदाच्या कोपऱ्यात लिहावे. झारीत ते बाजूचे चित्र, कारण तोटीचा कल आणि मुठीची पकड तिथेच ठरते. पेन्सिलची रेघ १ मिमी जाड असेल, तर निम्म्या मापाच्या चित्रात ती वस्तूवर २ मिमी होते. म्हणून मॉडेलची कड रेघेच्या मध्यावर ठेवायची की बाहेरच्या काठावर, हेही तिथेच लिहावे आणि सर्व चित्रांत एकच नियम पाळावा. छेदांवरून पृष्ठभाग तयार होऊन तिन्ही दृश्यांत कडा रेघेच्या जाडीइतक्या फरकात बसल्या, की संदर्भचित्रे लपवावीत आणि पुढचे काम, म्हणजे कडांची गोलाई आणि तोटी पोटाला मिळते तिथला वळसा, फक्त फिरत्या मॉडेलकडे पाहून करावे.